सणसरच्या चारीवर पाहिलेली बाई

बारामती-इंदापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या आळीतल्या बायका विचारतात, "तिकडं काय आहे पाहण्यासारखं?" लेणी नाहीत, धबधबा नाही, थंड हवा म्हणावी तर तीही नाही. काशीहून आलेल्या बाईचे पाय धुतात, माझ्या वाट्याला नुसता हा प्रश्न आला. पण त्या चार दिवसांत मी एक गोष्ट पाहिली, जी मी चार वर्षांपूर्वीही पाहिली होती आणि चुकीची पाहिली होती. ती लिहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही. ज्यांनी माझी 'पाणी' नावाची कविता मासिकात वाचली असेल त्यांनी तर हे वाचावंच.

निमित्त संक्रांतीचं. बारामतीच्या भगिनींनी हळदीकुंकवाला बोलावलं आणि 'माझ्या कवितांमागचे अनुभव' या विषयावर बोला असं कळवलं. ते ऐकून इंदापूरच्या वाचनालयाचंही पत्र आलं, की तिथवर येताच आहात तर आमच्याकडेही या. आमचे 'हे' पत्र वाचून म्हणाले, "अनुभव सांगायला निघालीस की घ्यायला?" मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. आता वाटतं, द्यायला हवं होतं.

सोबतीला माझ्या थोरल्या नणंदबाई, अक्का. अक्कांनी माझी एकही कविता वाचलेली नाही, आणि हे त्या चारचौघांत अभिमानाने सांगतात. पण प्रवासात त्यांच्यासारखं माणूस नाही. पाण्याचा तांब्या, सुपारीची पिशवी, गुळपोळ्यांचा डबा आणि स्पष्ट बोलणारी जीभ, एवढं घेऊन त्या कुठेही जायला तयार असतात.

बारामती

दौंडाला गाडी बदलल्यावरच्या त्या लहान आगगाडीबद्दल मी लिहीत नाही. तिच्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात एखादं खंडकाव्य व्हायला हरकत नव्हती. बारामती आली ती गुळाच्या वासाने. स्टेशनाबाहेर ढेपांनी भरलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि बैलांच्या शिंगांना अजून संक्रांतीचा रंग होता.

आम्ही उतरलो होतो एका वकिलांच्या घरी. वकिलीणबाई फार अगत्याच्या. आमच्या पुण्यात तिळगूळ देताना तळहातावर चार दाणे मोजून ठेवतात आणि गोड बोला म्हणतात. इथे बाई ओंजळ पुढे करायला लावतात आणि ती भरेपर्यंत हात आवरत नाहीत. अक्का म्हणाल्या, "गूळ घरचा असला की गोड बोलणंही सढळ होतं." त्या दिवशी जेवायला बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी आणि लेकुरवाळी भाजी होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि भाषणाआधी असं जेवू नये हे विसरले.

दिवाणखान्यात साठसत्तर बायका जमल्या होत्या. मी दोन-तीन कवितांबद्दल सांगितलं, आणि शेवटी 'पाणी'वर आले. खरं सांगायचं तर त्या कवितेसाठीच मला बोलावतात, आणि मलाही ते ठाऊक असतं. चार वर्षांपूर्वी इंदापूरला एका लग्नाला जाताना आमची मोटर सणसरपाशी बंद पडली होती. दिवस मावळत होता. सडकेपासून आत, एका वाळत चाललेल्या उसाच्या रानापलीकडे पाटातून फुटलेली लहान चारी होती आणि चारीत गुडघाभर पाण्यात एक बाई पाठमोरी उभी होती. डाव्या हाताने खोरं चालवत होती, घाईघाईने, मध्येच थांबून इकडेतिकडे बघत. मोटरवाला म्हणाला होता, "पाणी चोरतीय जणू." आपली पाळी नसताना चारी फोडून पाणी आपल्या रानात घेणं हा त्या भागातला मोठा गुन्हा. मी घरी येऊन एका बैठकीत कविता लिहिली. मासिकात ती छापून आली दोन वर्षांनी.

*मावळतीचे ऊन पाठिवर, डाव्या हाती खोरे,*
*तहानलेल्या रानासाठी पाणी हळूच चोरे.*

पुढे मी त्या चोरीची स्तुतीच केली होती. आई लेकरासाठी चोरते तेव्हा देव डोळे मिटतो, वगैरे. कवितेखाली मी ऐटीत 'सणसरची चारी' असंही छापवलं होतं, म्हणजे अनुभव अस्सल आहे हे लोकांना कळावं. ही कविता बारामतीत म्हटली तेव्हा तीन बायकांनी डोळे पुसले. मी मोजलं होतं.

हळदीकुंकू लावून झालं, बायका पांगल्या, तरी एक तिशीतली बाई दाराशी उभीच राहिली. सणसरच्या शाळेतल्या मास्तरांची ही बायको, सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला म्हणायचं, आणि मी कडू सांगणार आहे. रागावू नका."

"सांगा ना."

"तुमचं मासिक आमच्या शाळेत येतं. कविता आली तेव्हा आमच्या यांना एवढा आनंद झाला, की आपलं गाव छापून आलं म्हणून यांनी ती चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवली. दोनदा. गावात डाव्या हाताची बाई एकच आहे. हौसाबाई. तेव्हापासून तिला पाणीचोर म्हणतात."

मी म्हटलं, "पण मी तिला नावं ठेवली नाहीत. मी तर तिचं कौतुक केलं."

"कौतुक तुम्ही केलंत हो. गावानं फक्त चोरी ऐकली." मग तिने आवाज खाली आणला. "आणि ती म्हणते, तिनं चोरी केलीच नव्हती. तिच्या पोरीचं लग्न अडलंय त्यापायी."

माझ्या ओंजळीतला तिळगूळ तसाच राहिला. अक्का मागून म्हणाल्या, "उद्या सकाळची मोटर किती वाजता आहे हो?" आम्हाला दुसऱ्या दिवशी बारामतीतली देवळं दाखवायचा बेत होता. वकिलीणबाईंना वाईट वाटलं, पण देवळं काही कुठे पळून जात नव्हती.

सणसर

मोटर भरेपर्यंत हलत नाही. ती भरली, मग आणखी भरली, आणि टपावर कोंबड्यांची पाटी चढली तेव्हा निघाली. मास्तरीणबाई आमच्याबरोबर होती. दोन्ही बाजूला तुरे आलेला ऊस, मध्ये बाभळी, ठिकठिकाणी गुऱ्हाळांचा धूर. एरवी मी हे सगळं वहीत टिपून घेतलं असतं. त्या दिवशी वही पिशवीतून काढावीशी वाटली नाही. आयुष्यात मी कुणाला एक शिवी दिलेली नाही, आणि इथे एका बाईला दीड-दोन वर्षं गाव माझ्या शब्दांनी चिडवत होतं.

हौसाबाई रानातच भेटली. पन्नाशीकडे झुकलेली, काळीसावळी, काटक. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेक शेवंता आणि दोन एकर रान, एवढा तिचा संसार. मास्तरीणबाईने मी कोण ते सांगितलं. हौसाबाईने हातातलं खुरपं बांधावर ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मला वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार, आणि ऐकायची मनाची तयारी मी केली होती.

ती म्हणाली, "व्हय, तुमीच का त्या. मला वाटलं, म्हाताऱ्या असचाल." आणि मग, "बसा. हुरडा भाजते."

तिने खरंच शेणकुटं पेटवली. शाळूची कणसं भाजली, हातावर चोळून पाखडली, लसणाची चटणी काढली. अक्का परक्या घरचं पाण्यातलं खात नाहीत, पण हुरड्याला पाणी लागत नाही म्हणून त्यांनी मांडी घातली आणि माझ्यापेक्षा जास्त खाल्ला. शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, "हौसाबाई, त्या दिवशी तुम्ही चारीत काय करत होता?"

"बुजवत हुते."

"म्हणजे?"

"खेकड्यांनी बिळं पाडली हुती. त्या अंगानं चारी फुटाय लागलेली. फुटली असती तर सगळं पाणी वढ्यात, आन खालच्या धा-बारा जणांची पाळी कोरडी. पाणी सोडणारा पाटकरी तिकडं लांब. मी एकली. मुरूम वढला, पेंढी घातली, ऱ्हायलेल्या भगदाडाला पदर फाडून कोंबला." हे सगळं तिने हुरडा चोळता चोळता सांगितलं.

"मग तुम्ही गावाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. पण बाई, चारी फुटली असती तर गावाला कळलं असतं. फुटलीच न्हाय, मग कुणाला कळायचं? आन मासिकात छापल्यालं एकीकडं, माझं तोंड एकीकडं. लोक म्हणले, शिकलेली माणसं कशापायी खोटं लिवतील."

अक्कांनी पुढ्यातला हुरडा बाजूला सारला, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

शेवंताच्या लग्नाची हकीकत मग कळली. सोयरीक जमली होती ती निमगावच्या दगडूतात्यांच्या धाकट्या मुलाशी. तात्यांचा पानमळा आहे. पानमळ्याचे लोक वेलाला फार जपतात. मळ्यात वहाणा घालून जायचं नाही, आंघोळीशिवाय जायचं नाही, आणि ज्याच्या हाताला चोरी लागली आहे त्याने वेलाला हात लावायचा नाही, नाहीतर वेल सुकतो, असं ते मानतात. सून घरात आली की ती पानं खुडायला मळ्यात जाणार. तिच्यामागून कधी तिची आई येणार. सुपारी फोडायच्या आठ दिवस आधी कुणीतरी तात्यांच्या कानावर कवितेचं घातलं. तात्यांनी नाही म्हटलं नाही. "बघू" म्हणाले. त्या 'बघू'ला आता आठ महिने होऊन गेले होते.

शेवंता हे सगळं ऐकत तिथेच बसली होती. अठराएक वर्षांची असेल. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं आणि कणसाचा कोंडा फुंकत राहिली. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "मी आता तुमच्या चावडीवर जाऊन सांगते."

हौसाबाई म्हणाली, "हितं सांगून काय उपेग? सांगायचं तर तितं सांगा, जितं तात्या ऐकतील. पर त्याआदी हिकडं या."

तिने मला चारीवर नेलं. पाळी चालू होती, पाणी भरून वाहत होतं. "उतरा," म्हणाली. मी पुण्याची बाई, नऊवारी खोचून चपलांसकट पाण्यात उतरले. पाणी एवढं गार होतं की माझा श्वासच अडकला. तिने माझ्या हातात खोरं दिलं आणि चिखल आपल्याकडे ओढायला सांगितला, मग पलीकडे लोटायला सांगितला. चार वेळा केल्यावर माझे हात भरून आले. आणि त्या धांदलीत माझी एक चप्पल पायातून सुटली आणि खालच्या पाळीवाल्यांकडे निघून गेली.

हौसाबाई काठावरून म्हणाली, "मागनं बघितलं की दोनी सारखंच दिसतंय, बाई. फोडणारं बी आन बुजवणारं बी. तुमचा तरी काय दोष."

तिने मला असं सोडून दिलं, त्याने मला जास्तच लागलं. मी तिथेच पाण्यात उभी राहून रडले. अक्कांनी काठावरून हात दिला आणि म्हणाल्या, "चल, वर ये. रडून चप्पल परत यायची नाही."

मास्तर संध्याकाळी भेटायला आले. बिचारे माझ्यापेक्षा ओशाळले होते. निमगाव-इंदापूरचा रस्ता त्यांच्या पायाखालचा. दुसऱ्या दिवशी दगडूतात्या पानं घेऊन इंदापूरच्या बाजाराला येणार होते. "मी त्यांना सभेला घेऊन येतो," मास्तर म्हणाले. "वाचून घोटाळा मी केला, आता ऐकवायचं काम तरी नीट करतो." रात्री आम्ही त्यांच्याच घरी मुक्काम केला आणि मास्तरीणबाईने मला आपल्या चपला दिल्या. त्या मला बोटभर लहान होत्या.

इंदापूर

वाटेतलं लासुर्णं मागे टाकलं की देश बदलतो. पाटाचं पाणी मागे राहतं, ऊस विरळ होतो, काळ्या रानात शाळू उभा असतो आणि वारा लागतो. मोटरीत अक्कांनी विचारलं, "पण ती खरं सांगते कशावरून? आपल्याला काय माहीत?"

हा प्रश्न रात्रभर माझ्याही मनात होता. मी म्हटलं, "माहीत नाही. पण ती चोरी करते हे लिहिताना तरी मला कुठे माहीत होतं? तेव्हा मोटरवाल्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला. आता तिच्यावर ठेवते."

अक्कांनी सुपारीची पिशवी सोडली. मग म्हणाल्या, "मग सभेत चाचरू नकोस. तुला चाचरायची सवय आहे." हा त्यांचा आशीर्वाद असतो.

इंदापूरला दुपारचं जेवण वाचनालयाच्या एका सभासदांच्या घरी झालं. ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. त्या भरीताबद्दल एरवी मी पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मला चव लागली नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत. पुढे पुरुष, बाजूला बायका. शेवटच्या बाकावर मास्तर दिसले आणि त्यांच्या शेजारी एक उंच म्हातारे गृहस्थ, पांढरा पटका, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानांची कवळी. हेच तात्या. बाजारातून थेट आणलेले.

मी बाकीच्या कवितांबद्दल काहीच बोलले नाही. 'पाणी' ही कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मी म्हटलं, "ही कविता खोटी आहे."

मग सगळं सांगितलं. मोटर बंद पडल्यापासून चप्पल वाहून गेल्यापर्यंत. हौसाबाईचं नाव घेतलं, गाव घेतलं. तिने चारी फोडली नाही, बुजवली, दहाबारा जणांची पाळी वाचवली, आणि मी तिला चोर ठरवलं, असं सरळ सांगितलं. मी चाचरले नाही. ज्या कवितेवर माझं नाव झालं, जी माझ्या संग्रहात पहिली यायची होती, तिच्याबद्दल मी हे बोलत होते.

अध्यक्ष एक वयस्क, रसिक गृहस्थ होते. त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "बाई, मनाला एवढं लावून घेऊ नका. कवीला तेवढी सूट असतेच."

मी म्हटलं, "मला सूट होती. हौसाबाईला नव्हती."

तेवढ्यात मागचं बाक वाजलं. तात्या उठले होते. ते मोठ्याने, रानात बोलतात तसं बोलले. "बाई, ती पैली वळ पुन्हा म्हना."

मी म्हटली. मावळतीचे ऊन पाठिवर, डाव्या हाती खोरे.

"ऊन पाठीवर हुतं? तुमी डोळ्यांनी बघितलं, का जुळवायचं म्हणून लिवलं?"

"डोळ्यांनी पाहिलं. लुगडं तांबडं दिसत होतं उन्हानं. मी सडकेवर होते, मला तिची फक्त पाठ दिसत होती."

"मग तोंड उगवतीला." तात्या सभेकडे वळले, जणू भाषण त्यांचंच होतं. "ती चारी म्या बघितलीय. हौसाबाईचं रान सडकंच्या अंगाला, मावळतीला. उगवतीला नुसता वढा. आपल्या रानात पाणी घ्याचं तर मावळतीचा काठ फोडावा लागंल, आन तोंड हिकडं, सडकंकडं पायजे. उगवतीला तोंड करून बाई उभी हाय तर ती वढ्याकडचा काठ बघतीय. वढ्यात पाणी कोन चोरून सोडंल?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. तात्या मात्र हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या कवितंतच लिवलंय की सगळं. वाचणाऱ्यांनी नीट वाचलं न्हाय. मास्तर, तुमी बी न्हाय." मास्तरांनी मान खाली घातली. मीही घातली, कारण लिहिणाऱ्या बाईनेही ते नीट वाचलं नव्हतं.

बाहेर पडताना अक्का म्हणाल्या, "ती पहिली ओळ बरी आहे तुझी." पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्या कवितेबद्दल काढलेले हे पहिले शब्द. त्या रात्री मी भरीत मागून घेतलं आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

निमगाव केतकी

परतीच्या वाटेवर तात्यांनी आम्हाला निमगावला उतरवून घेतलं. त्यांनी रात्रीच माणूस पाठवून हौसाबाईला आणि शेवंताला बोलावलं होतं, मास्तरीणबाईही आली होती. तिला तिच्या चपला परत केल्या तेव्हा माझ्या टाचांना फोड आले होते, आणि मळ्यात अनवाणी जायचं आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं.

पानमळा मी पहिल्यांदाच पाहिला. बाहेर लख्ख ऊन आणि आत शिरलं की देवळाच्या गाभाऱ्यासारखी सावली आणि गारवा. शेवरी-पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवलेले, खाली ओली माती, ओळीत चालायला अरुंद वाट. आम्ही पुण्यात जेवण झाल्यावर विडा तोंडात टाकतो. त्यामागे असं सोवळं राखणारं कुणी असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तात्या दाराशी थांबले होते. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून.

हौसाबाई मळ्याच्या कुडाबाहेरच उभी राहिली. वहाणा काढल्या होत्या, पण पाऊल आत टाकेना. शेवंता तिच्यामागे.

तात्या म्हणाले, "आत या की, विहीणबाई."

हा शब्द ऐकल्यावर शेवंताने आईचा पदर धरला. हौसाबाईने खाली वाकून उंबऱ्याच्या मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि आत आली.

"सुपारी आजच फोडू," तात्या म्हणाले. "पानं तुमीच खुडा. पाच पायजेत."

हौसाबाई वेलापाशी गेली. लुगड्याला हात पुसले. मग उजवा हात पुढे केला, शुभकार्याला उजवाच हवा म्हणून. पण त्या हाताला सवय नाही. देठ नीट धरता येईना, पान फाटेल अशी भीती. एकदा हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला. आम्ही सगळे बघत उभे होतो.

तात्या म्हणाले, "डाव्यानं तोडा. चारी ज्या हातानं बुजवली त्यानंच."

तिने डावा हात उचलला आणि नखाने देठाशी पाच पानं खुडली, एकसारखी, एकही न फाटता. ती तात्यांच्या हातात दिली. आणि तिथेच, वेलाच्या सावलीत, खाली बसून ती रडली. रानात आम्ही भेटल्यापासून मी तिला डोळे ओले करताना पाहिलं नव्हतं. शेवंता तिच्याशेजारी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सुपारी फुटली, गूळ वाटला. अक्कांना तहान लागली होती. त्यांचा तांब्या मोटरीत राहिला होता. हौसाबाईने पाण्याची घागर उचलली आणि मग तिच्या लक्षात आलं, की अक्का परक्या घरचं पाणी घेत नाहीत; ती घागर घेऊन तशीच थांबली. अक्कांनी ओंजळ पुढे केली. हौसाबाईने पाणी ओतलं आणि अक्का पोटभर प्याल्या. त्याबद्दल त्या पुढे कधी काही बोलल्या नाहीत, म्हणून मीही बोलले नाही.

निघताना मी हौसाबाईला विचारलं, "ती कविता काय करू? संग्रहातून काढून टाकू?"

"कशापायी काढता? माझं ऊन हाय तिच्यात." मग माझ्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाली, "चोरीचं तेवढं काढा. आन चप्पल गेल्यालं लिवा."

पुण्याला आल्यावर मी कवितेची दुसरी ओळ खोडली आणि नवी लिहायला बसले. आज दोन आठवडे झाले, पहिल्या ओळीला साजेशी दुसरी अजून सापडलेली नाही. छापखान्याचा निरोप येतोय, की कवितेअभावी संग्रह अडला आहे. मी कळवलं आहे, थांबा. मला माझं भगदाड अजून बुजवायचं आहे, आणि मागून पाहणाऱ्याला ते फोडण्यासारखं दिसता कामा नये.